मिक्सरला झबलं कुणी शिवलं?

(ऑडिओ एपिसोडचं हे लिखित रूप. वाचायला सोपं जावं म्हणून बोलण्यातले ‘अं’, ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ काढलेत. बाकी मजकूर तोच.)

आज आपण बोलणार आहोत मिक्सरच्या कव्हरबद्दल. हो, तेच. जुन्या साडीचं नाहीतर उरलेल्या पडद्याचं, कडेला झालर लावलेलं, वर्षानुवर्षांच्या फोडणीचा वास मुरलेलं कापडी कव्हर.

रिमोटला प्लास्टिक, फ्रिजच्या हँडलला कापडाची बाही, वॉशिंग मशीनला चेनवालं कव्हर, यावर आपल्या पिढीने भरपूर मीम्स बनवलीत. मीही फॉरवर्ड केलीत. पण एक सांगा, नवा फोन घेतल्यावर आपण पहिलं काय करतो? सिम टाकायच्या आधी बॅक कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास. तेव्हा हसायचं असेल तर स्वतःपासून सुरुवात करू या. मग गंभीर प्रश्नाकडे वळू: घरातल्या यंत्राला कपडे घालायची ही पद्धत आली कुठून?

ती मिक्सरपासून सुरू झाली नाही. घरात शिरलेलं पहिलं मोठं यंत्र म्हणजे शिवणयंत्र, आणि ते येतानाच स्वतःचं कव्हर घेऊन आलं. अमेरिकेत एलायस हाव याला १८४६ मध्ये शिवणयंत्राचं पेटंट मिळालं, आयझॅक सिंगरला १८५१ मध्ये. मशीन चालायचं छान, पण सामान्य कुटुंबाला एकरकमी परवडायचं नाही. मग १८५६ मध्ये सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने हप्त्यांची योजना काढली. थोडे पैसे भरा, मशीन घरी न्या, बाकीचे महिन्या-महिन्याला द्या. आज आपण ज्या ईएमआयवर फोन घेतो, त्याचा हा खापरपणजोबा. हप्ते फिटेपर्यंत मशीन कागदोपत्री कंपनीचंच. म्हणजे घरात अशी एक वस्तू आली, जी महाग होती, नाजूक होती आणि अजून पूर्ण आपली झालेली नव्हती. तिच्यावर यायचं घुमटाच्या आकाराचं लाकडी झाकण, कुलूप-किल्लीसकट. जुन्या बाजारात अशी मशीनं अजून दिसतात. झाकण बघितलंत तर वाटेल, आत एखादी देवाची मूर्ती असणार.

हिंदुस्थानात सिंगर आली १८७० च्या दशकात. इथे कंपनीसमोर वेगळाच पेच होता. साडी, धोतर, उपरणं, म्हणजे अर्धा देश न शिवलेलं कापड नेसायचा, आणि जे शिवायचं ते शिंपी शिवायचा. तरीही धंदा वाढला. तो वाढवणाऱ्यांत मुंबईचे पारशी व्यवस्थापक नसरवानजी मेरवानजी पटेल यांचं नाव पुढे येतं. पुढे १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ मशीन आणलं आणि शिवणयंत्र देशी झालं.

गांधीजींचा यंत्रांना विरोध होता हे आपण शाळेत शिकतो. पण १९२४ च्या एका संवादात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. कारण काय दिलं? बायकोला हाताने टाके घालताना होणारे कष्ट सिंगरला बघवले नाहीत आणि त्या प्रेमापोटी त्याने यंत्र केलं. गोष्ट गोड आहे, पण खऱ्या सिंगरच्या चरित्राशी काही जुळत नाही. या गृहस्थाला वेगवेगळ्या बायकांपासून वीसहून जास्त मुलं होती आणि त्याचं मुख्य लक्ष पैशाकडे होतं. तरी ही गोष्ट लक्षात ठेवा. ‘बायकोचे कष्ट आणि इंजिनिअर नवरा’ हा प्लॉट पुढे मुंबईत पुन्हा येणार आहे.

त्याआधी रेडिओ आणि टीव्ही. रेडिओ ऐकायला तेव्हा लायसन्स लागायचं. पोस्टात जाऊन दरवर्षी फी भरायची, पुस्तिकेवर शिक्का घ्यायचा. १९८० च्या दशकापर्यंत हा प्रकार चालू होता. सरकारदरबारी नोंद असलेली वस्तू म्हटल्यावर तिला मान आलाच. तिच्यावर क्रोशाचा रुमाल नाहीतर मॅटीच्या कापडावर भरलेले पोपट. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि टीव्ही आला तो थेट लाकडी कपाटात, सरकत्या दारांसकट. वर पुन्हा कापड होतंच.

टीव्हीचं ते दार मला नेहमी जरा संशयास्पद वाटतं. ते धुळीपेक्षा मुलांसाठी होतं. परीक्षा जवळ आली की बंद. झाकलेलं यंत्र म्हणजे परवानगी लागणारं यंत्र, आणि परवानगी बहुतेक घरात वडील द्यायचे. मिक्सरचं कव्हर इथे वेगळं पडतं. ते काढणारी आणि घालणारी बाई एकच, आणि बऱ्याचदा शिवणारीही तीच.

आता मिक्सर. त्याच्या आधी पाटा-वरवंटा, खलबत्ता, रगडा. यातल्या कुठल्याच दगडाला कुणी कव्हर शिवलं नाही, कारण दगडाला धुळीने काही होत नाही. बाहेरून आलेले मिक्सर मिल्कशेक, सूप, केकचं मिश्रण यांच्या हिशोबाने बनलेले. आपल्याकडे त्यात जाणार सुकं खोबरं, भिजवलेली डाळ, लाल मिरच्या, हळकुंडं. मोटर गरम होणार, जळणार. सत्य प्रकाश माथुर मुंबईत सीमेन्समध्ये काम करणारे इंजिनिअर. त्यांच्या पत्नी माधुरी यांचा जर्मन ब्राऊन मिक्सर असाच जळाला आणि तो इथे दुरुस्त होईना, तेव्हा भारतीय वाटणाला पुरून उरेल असा मिक्सर बनवायचं त्यांनी मनावर घेतलं, असं सांगितलं जातं. १९६३ मध्ये पॉवर कंट्रोल अँड अप्लायन्सेस ही कंपनी निघाली आणि त्यातून आला ‘सुमीत’. ताकदीची मोटर, स्टीलची भांडी, ओल्या आणि सुक्या वाटणासाठी वेगळी पाती. सत्तर-ऐंशीच्या दशकात ‘सुमीत’ म्हणजेच मिक्सर, जसं आपण झेरॉक्स म्हणतो तसं. सिंगरची गांधीजींनी सांगितलेली गोष्ट माथुरांच्या बाबतीत बरीच खरी ठरली म्हणायची.

या मिक्सरला कव्हर का लागलं, याची सरळ उत्तरं दोन. पहिलं म्हणजे किंमत. ‘घ्यायचा का?’ यावर घरात बैठक बसावी अशी ती वस्तू होती. हप्ता, भिशी, दिवाळीचा बोनस, नाहीतर लग्नात माहेरून. आणि रोज काही तो चालायचा नाही. बऱ्याच घरांत चटणी पाट्यावरच व्हायची, मिक्सर निघायचा इडलीच्या पिठाला किंवा पाहुणे आल्यावर. मधल्या दिवसांत तो ओट्याच्या कोपऱ्यात उभा, म्हणून कव्हर. दुसरं कारण म्हणजे स्वयंपाकघराची हवा. रॉकेलच्या स्टोव्हची काजळी, फोडणीच्या तेलाची वाफ, पिठाची धूळ. तेलाचा पातळ थर बसतो, त्यावर धूळ चिकटते आणि वाळून असं काही होतं की ते फडक्याने निघत नाही, नखाने खरवडावं लागतं.

पण गरज आहे म्हणून वस्तू आपोआप तयार होत नाही. ती शिवता यायला हवी. आणि इथे खरा इतिहास सुरू होतो.

रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं. लिहिणं-वाचणं, रुग्णसेवा यांच्याबरोबर तिथे बायकांना शिवणही शिकवलं जायचं. हेतू स्पष्ट होता. विधवा, नवऱ्याने टाकलेली किंवा हलाखीत असलेली बाई स्वतःच्या हाताने चार पैसे मिळवू शकली पाहिजे. आज शिवणकाम म्हटलं की आपल्याला ‘बायकांचं घरगुती काम’ आठवतं. पण त्या काळी शिवणयंत्रापुढे बसलेली बाई म्हणजे स्वतःच्या पायावर उभी राहू बघणारी बाई. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत ही कल्पना गल्लोगल्ली पसरली. वाड्याच्या ओसरीवर, चाळीतल्या एका खोलीत, महिला मंडळाच्या हॉलमध्ये शिवणक्लास निघाले.

या क्लासांचा सिलॅबस ठरलेला असायचा. आधी वर्तमानपत्राच्या कागदावर कटिंग करून फाईलला चिकटवायचं, मग कापडावर. सुरुवात झबलं आणि टोपड्यापासून, मग फ्रॉक, परकर, शेवटी ब्लाऊज. मिक्सरचं कव्हर यातल्या कुठल्याच धड्यात नव्हतं. ते धड्यांच्या बाहेर, उरलेल्या कापडातून आणि उरलेल्या वेळातून आलं. झबलं बेतता येणाऱ्या बाईने मिक्सरकडे बघितलं आणि तिला दिसलं की यालाही पाठ आहे, पोट आहे, दोन कुशी आहेत. मग शेजारणीने कागद ठेवून तो आकार उतरवून घेतला. तिच्याकडून नणंदेने, नणंदेकडून ऑफिसातल्या मैत्रिणीने. आम्ही ज्याला ओपन सोर्स म्हणून मिरवतो ते हे, फक्त नावाशिवाय. क्लार्कचं नाव आहे, सिंगरचं आहे, माथुरांचं आहे. पेटंटमध्ये, कंपनीच्या कागदांत ती सापडतात. ज्या बायकांनी या यंत्रांना कपडे बेतले त्यांचं नाव कुठेच नाही. त्यांच्या डिझाइनचा एकमेव दस्तऐवज म्हणजे ते कव्हर, आणि तो दस्तऐवज शेवटी पायपुसणं होतो.

खरंच होतो. कापडाचा प्रवास बघा. साडी, मग पडदा किंवा परकर, मग कव्हर, मग ओट्याचं पुसणं, मग पायपुसणं. इतिहासाच्या अभ्यासाला ही काटकसर अजिबात सोयीची नाही.

उगाच गोड चित्र मात्र रंगवायला नको. दिवसभराचं काम संपल्यावर रात्री मशीनवर बसणाऱ्या सगळ्याच बायका हौसेने बसत होत्या असं नाही. कुणाला त्या वेळात पुस्तक वाचायचं असेल, कुणाला नुसतं पडायचं असेल. रुखवतात मांडलेल्या भरतकामाकडे बघून सासरची मंडळी मुलीचं ‘वळण’ मोजायची, हेही याच कापडाच्या इतिहासात येतं.

या एपिसोडसाठी मी एक कव्हर शिवलं. माझ्या मावशीकडे पायमशीन आहे, तिच्या देखरेखीखाली. पद्धत सांगतो, कारण ती समजली की वरची सगळी गोष्ट हाताला कळते.

एकूण तीन तुकडे. दोन बाजू आणि एक लांब पट्टी. पट्टी मिक्सरच्या पुढून वर जाते, डोक्यावरून मागे उतरते. दोन बाजू तिला कडेने जोडायच्या. माझा मिक्सर भांड्याशिवाय ९ इंच उंच, १२ इंच लांब, ८ इंच रुंद. कव्हर सहज घालता-काढता यावं म्हणून उंचीत अर्धा इंच, लांबी-रुंदीत एकेक इंच ढिलाई. मग शिलाईसाठी प्रत्येक कडेला अर्धा इंच आणि खालच्या दुमडीला एक इंच. पट्टी आली ३४ बाय १० इंच, बाजूचे तुकडे १४ बाय ११. पाऊण मीटर सुती कापडात आरामात बसतं. जुनी सुती साडी असेल तर पदराजवळचा भाग घ्या, तो कमी झिजलेला असतो. कापड नवं असेल तर आधी धुऊन वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटेल आणि मिक्सर आत जाणार नाही.

सुलट बाजू आतमध्ये समोरासमोर ठेवून टाचण्या लावायच्या आणि टीप मारायची. कोपऱ्याशी पट्टी वळत नाही, तिथे तिच्या कडेला छोटीशी कात्री मारायची, पण टिपेपर्यंत जाऊ द्यायची नाही. शेवटी खालची कड दोनदा दुमडून टीप. झालं. मशीन नसेल तर हातशिलाईनेही होतं, संध्याकाळ जाईल इतकंच.

मी खालची कड ओट्याला टेकेल अशी धरली होती. मावशी म्हणाली, “अरे, अर्धा बोट वर ठेव. ओट्यावर पाणी सांडलं की कापड शोषून घेतं. आणि वायर बाहेर यायला जागा नको का?” मला मागच्या बाजूला वायरसाठी फट करायची होती. तिच्या एका वाक्यात ती फट रद्द झाली.

शिलाईसाठी जे जास्तीचं कापड सोडतात त्याला शिंपी ‘माया’ म्हणतात. इंजिनिअरिंगमध्ये आम्ही मार्जिन म्हणतो, आणि प्रोजेक्ट मॅनेजर बफर म्हणतो आणि तो कधी देत नाही. मावशीने बाजूच्या शिलाईत अर्ध्याऐवजी पाऊण इंच माया ठेवायला लावली. का? “उद्या मोठा मिक्सर आलास घेऊन, तर उसवून वाढवता येईल.” म्हणजे तिच्या हिशोबात कव्हर मिक्सरपेक्षा जास्त टिकणार होतं.

आता इंजिनिअर म्हणून विचारलेला प्रश्न: कव्हरचा यंत्राला खरंच फायदा होतो का? मिक्सरमध्ये असते युनिव्हर्सल मोटर. छोटी, हलकी, मिनिटाला हजारो फेरे मारणारी. गंमत म्हणजे शिवणमशीनला जी छोटी मोटर जोडतात तीही याच जातीची. तिच्यात कार्बनचे दोन ब्रश सतत घासत असतात आणि एक पंखा खालच्या जाळीतून हवा ओढत असतो. मिक्सर चालू असताना कव्हर नसतंच, त्यामुळे पिठाची धूळ ओढली जायची ती जातेच. कव्हरचा उपयोग बंद यंत्राला. वरच्या कपलरवर, नॉबच्या फटीत तेलकट थर बसत नाही. हा फायदा खरा आहे, पण माफक. ब्रश आणि कपलर आज ना उद्या झिजणारच.

आणि चुकीच्या कव्हरने तोटा होतो. मिक्सरच्या तळाशी एक पट्टी असते, ती कुणी वाचत नाही. त्यावर साधारण असं लिहिलेलं असतं की पाच मिनिटं चालवा, दोन मिनिटं थांबा, असं अर्धा तास. दमलेल्या मोटरवर लगेच कव्हर चढवलं तर उष्णता आतच राहते. रेक्झिन किंवा प्लास्टिक असेल तर भांड्याचा ओलावाही अडकतो. सुती कापडातून तो निघून जातो. खाली घट्ट इलॅस्टिक लावलेली कव्हरं मला म्हणूनच आवडत नाहीत. राहिली झुरळं. त्यांना उबदार, अंधारी जागा हवी असते आणि ती खालच्या जाळीतून आत जातात. कव्हर त्यांना अडवत नाही, उलट पडदा लावून देतं. तेव्हा थंड झाल्यावर, पुसून, मगच कव्हर. घरोघरच्या आया हे पट्टी न वाचता सांगतातच.

माझं मत विचाराल तर कव्हरचं मोठं काम धूळ अडवणं नव्हतं. मिक्सर बिघडला की तो पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा, ब्रश बदलायचे, भांड्याला धार लावून आणायची, वाइंडिंग जळलं तर नवं भरून घ्यायचं, ही जी साखळी होती, तिची पहिली कडी म्हणजे कव्हर. वस्तू वीस वर्षं राहणार हे घराने गृहीत धरलं होतं. ती साखळी तुटली तशी कव्हरं गेली. आज वाइंडिंगचा खर्च ऐकून दुकानदारच म्हणतो, नवा घ्या. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात घरगुती उपकरणंही आहेत. दुरुस्तीसाठी हक्क मागावा लागतो, हे त्या पायमशीनवाल्या पिढीला सांगितलं तर त्यांना आधी कळणारच नाही आपण काय म्हणतोय.

कव्हर मात्र दुसऱ्या दाराने परत येतंय. बचत गटांच्या प्रदर्शनात जाऊन बघा. गुळेदगुड्डच्या खणाचं कापड लावलेली मिक्सरची कव्हरं, फ्रिजच्या हँडलच्या बाह्या, टिश्यू बॉक्सचे अंगरखे. बरेच जण ती शोभेसाठी घेतात, मिक्सर दोन वर्षांत बदलला तरी. विकणाऱ्या बाईला त्याने फरक पडत नाही. तिच्या हातात रोख पैसे येतात, आणि सेवासदनात शिवण शिकवायला सुरुवात झाली तेव्हा हवं होतं तेही हेच.

तर मंडळी, एक काम करा. घरी, आजीकडे, गावाला जुनं कापडी कव्हर असेल तर पुसण्यात जायच्या आधी ते उलटं करा. आतल्या बाजूला टीप मशीनची आहे की हाताची, माया किती सोडलीय, कापड आधी काय होतं, हे बघा आणि ज्यांनी शिवलं त्यांना विचारा. त्यांचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून मला पाठवा, त्यांची हरकत नसेल तर नावासकट. पुरेशी रेकॉर्डिंग जमली की एक अख्खा भाग फक्त त्यांचा करू. पुढच्या वेळी भेटू ते पाट्याला टाकी लावणाऱ्यांच्या गोष्टीसह.